'लॉग' म्हणजे कचरा नव्हे!

डीबीएमएसच्या व्हायव्हात 'राइट-अहेड लॉग म्हणजे काय?' याचं उत्तर मी घडाघडा दिलं होतं. आधी लॉगमध्ये नोंद, मग डेटा फाइलमध्ये बदल. एक्स्टर्नल खूश! पण ती फाइल मशीनवर नेमकी कुठे असते, हे ना त्यांनी विचारलं, ना मला माहीत होतं.

त्याची किंमत मोजली आमच्या मेसने. मेसचा हिशेब आम्ही पोरांनीच एका जुन्या पीसीवर पोस्टग्रेसमध्ये ठेवला होता. एका रात्री डिस्क फुल्ल! 'पीजी_वाल' फोल्डरमध्ये १६-१६ एमबीच्या शेकडो फाइल्स दिसल्या. लॉगच तर आहेत म्हणून उडवल्या. सर्व्हर पुन्हा उठलाच नाही.

मग '/व्हार/लॉग' खालची खरी लॉग फाइल उघडली. आठ दिवस ती एकच ओळ ओरडून सांगत होती : आर्काइव्ह कमांड फेल. बॅकअपची हार्ड डिस्क कोणीतरी पिक्चर बघायला काढून नेली होती! कॉपी होईना, म्हणून सर्व्हरने त्या फाइल्स इमानदारीने सांभाळून ठेवल्या होत्या. आणि मी त्याच पुसल्या. आठ दिवसांचे खाडे गेले. मेसच्या काकांनी वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून गावी गेलेल्या पोरांचे पैसे वाचले.

म्हणजे लॉग दोन प्रकारचे. एक माणसाने वाचायचा, दुसरा डेटाबेसचा स्वतःचा. हा घोळ फक्त माझा नाही. लोक लॉग समजून पुसतात म्हणून पोस्टग्रेसने २०१७ साली, दहाव्या आवृत्तीत, 'पीजी_एक्सलॉग' फोल्डरचं नावच बदलून 'पीजी_वाल' केलं. मायएसक्यूएलमध्येही तेच : एरर लॉग आपल्यासाठी, बायनरी लॉग रिप्लिकेशन आणि रिकव्हरीसाठी. तो हाताने पुसायचा नाही. त्यासाठी 'पर्ज बायनरी लॉग्ज' ही कमांड आहे.

'हे अ‍ॅडमिनचं काम, आपण तर डेव्हलपर होणार,' असं काही जण म्हणतील. पण रात्री दोन वाजता सर्व्हर पडतो तेव्हा समोर जो बसलेला असतो, तोच अ‍ॅडमिन! म्हणून सरांना विनंती : नॉर्मलायझेशनचं एखादं प्रॅक्टिकल कमी करा, पण एकदा लॅबमध्ये मुद्दाम डिस्क भरू द्या आणि आम्हाला लॉग शोधायला लावा. जर्नलमध्ये उतरवलेलं विसरतं, हातून बिघडलेलं नाही.

तोवर एकच सांगणं : आधी वाचा, मग पुसा. आणि हो, ती हार्ड डिस्क जागेवर ठेवा!