काटा कुठून फुटला, ते आधी बघा

पावसाळ्यात रानात भटकून आलेल्यांचे फोटो फिरू लागतात आणि त्यांच्याखाली हमखास विचारलेलं असतं, "झाड काटेरी आहे, कोणतं असेल?" मंडळी, नुसतं काटेरी म्हटल्याने झाड ओळखता येत नाही. काटा कुठून फुटलाय, ते सांगा.

लिंबाचा काटा पानाच्या बगलेत येतो. ती टोकदार झालेली फांदीच असते, लाकडाशी जोडलेली, म्हणून ओढला तर साल सोलवटून निघते. करवंदाचाही तसाच, आणि त्याला वर दोन टोकं फुटलेली दिसतात. बाभळीची पांढरी जोडी पानाच्या देठाच्या दोन बाजूंना असते. उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी इवली पानं, तिथे काटे झालेली असतात. बोरीलाही जोडीच, पण बहुधा एक काटा सरळ आणि दुसरा वाकडा. कपडे कोण फाडतो, ते बोरं वेचणाऱ्यांना विचारा! फड्या निवडुंगाचे काटे ही मुळातली पानं, आणि ज्याला आपण पान म्हणतो ते हिरवं जाड फडं हे खोड. गुलाबाचं मात्र वेगळंच. त्याचा काटा सालीतून कुठेही उगवतो आणि अंगठ्याने बाजूला दाबला की सफाईने निखळतो.

बिनकाट्याच्या बाबतीत तर जास्त जपून बोला. मेंदीच्या शास्त्रीय नावात 'इनर्मिस' आहे, म्हणजे निःशस्त्र. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली हे नाव दिलं आणि काटेरी मेंदीला 'स्पायनोसा' असं निराळं नावही दिलं. पुढे दोन्ही एकच ठरल्या: कोवळी मेंदी मऊ असते, जून झाली की फांद्यांची टोकं कडक होऊन टोचतात. काटेसावरीचं याच्या उलट. तरुण खोडावर शंकूसारखे जाड काटे असतात, म्हाताऱ्या झाडाचं बूड बऱ्याचदा त्यांच्याविना दिसतं. तेवढ्यावरून "ही काटेसावर नव्हेच" असा वाद घालणारे दर वर्षी भेटतात.

तेव्हा फोटो काढाल तर काट्याचं बूड आणि शेजारचा देठ एकाच चौकटीत घ्या. कोवळी फांदी आणि जून फांदी, दोन्ही टिपा. आणि कृपा करून ओळख पटवण्यासाठी फांदी तोडून आणू नका; हे सगळं झाडावरच दिसतं.