फक्त केळीची रोपं?

‘टिश्यू कल्चर’ म्हटलं की आपल्या होस्टेलमध्ये एकच उत्तर येतं – केळी! जळगावकडची मंडळी तर लगेच ग्रँड नैनच्या रोपांचा हिशोब मांडतात. त्यात गैर काहीच नाही. पण मित्रांनो, हे तंत्र रोपांचा कारखाना काढण्यासाठी जन्मलं नव्हतं. ते एका प्रश्नासाठी जन्मलं, आणि तो प्रश्नच आपण विसरत चाललो आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न साधा आहे. मुळाच्या पेशीत आणि पानाच्या पेशीत जनुकं तीच. मग एकीचं मूळ आणि दुसरीचं पान का होतं? अख्ख्या झाडात हे शोधणं कठीण. शेजारच्या पेशी, ऊन, पाणी, सगळ्यांचाच परिणाम होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल्स फार! म्हणून झाडाचा तुकडा कापायचा, निर्जंतुक बाटलीत ठेवायचा आणि त्याला काय द्यायचं ते आपण ठरवायचं.

१९०२ साली हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने सुट्या पेशी वाढवायचा प्रयत्न केला. पेशी जगल्या, पण विभागल्या नाहीत. उत्तर मिळायला अर्धशतक गेलं. १९५७ मध्ये अमेरिकेत स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या खोडातला गाभा घेतला आणि फक्त दोन हार्मोन्सचं प्रमाण बदलत नेलं. ऑक्सिन जास्त, तर मुळं. कायनेटिन जास्त, तर कोंब. दोन्ही बेताचं, तर नुसताच कॅलसचा गोळा. म्हणजे हुकूम एका रसायनाचा नाही, दोघांच्या प्रमाणाचा! आपण जे ‘एमएस मीडियम’ पाठ करतो, त्यातला ‘एस’ म्हणजे हेच स्कूग.

आपल्याकडेही हे झालं आहे. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश बाटलीत वाढवले आणि परागकणांपासून चक्क भ्रूण मिळाले. पुण्याच्या एनसीएलचं काम तर घरचंच. बांबूला फुलं यायला कित्येक दशकं लागतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी बाटलीतल्या कोवळ्या बांबूला फुलं आणली, बी धरवलं. १९९० मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. ‘फुलायचं कधी’ हे बांबू कसं ठरवतो, हा प्रश्न त्यामुळे हातात धरून तपासता येण्यासारखा झाला.

आणि आपल्या लॅबमध्ये काय होतं? मीडियम बनवा, ऑटोक्लेव्ह करा, १२१ डिग्री, १५ पीएसआय, आकृती काढा, सही घ्या. ऑब्झर्वेशनचा रकाना मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये आधीच भरलेला असतो! बाटलीला बुरशी लागली तर ती फेकायची, का लागली हे विचारायचं नाही. व्हायव्हातही एकच प्रश्न – ‘अॅप्लिकेशन सांग.’

सरांची अडचण मला कळते. साठ मुलं, एक लॅमिनार फ्लो आणि सबमिशनची तारीख. कॅलस यायला तीन-चार आठवडे लागतात. पण सेमिस्टर त्याहून मोठी आहे, आणि गाजर मेसमध्येही मिळतं. माझी मागणी छोटीशी आहे. प्रत्येक ग्रुपला नऊ बाटल्या द्या. ऑक्सिनचे तीन डोस, कायनेटिनचे तीन डोस. उत्तर आधी सांगू नका. जे येईल ते लिहू द्या. काहीच आलं नाही, तर तेही लिहू द्या. मार्क मात्र कारण शोधण्याला द्या.

‘याचा उपयोग काय?’ असं कुणी विचारेलच. स्कूग-मिलरच्या बाटल्यांतून तेव्हा कुणाला केळी विकायची नव्हती. पण कोंब कधी फुटतात आणि मुळं कधी धरतात, हे त्यांनी शोधलं म्हणूनच आज केळीचा तो कारखाना चालतो. बघा पटतंय का!