अंगणवाडीला अंगण हवे

मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला लातूर जिल्ह्यातील गावे ओस पडतात. चाकूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही येळवशीच्या दिवशी बाजारपेठेत शुकशुकाट असतो, कारण लहानथोर सारे रानात गेलेले असतात. कडब्याची कोप उभी राहते, भज्जीचे पातेले आणि आंबिलाचे मडके निघते, आणि ज्याला स्वतःचे शेत नाही त्यालाही कोणाच्या तरी रानात जेवायचे बोलावणे असते. त्या दिवशी तीन-चार वर्षांची मुले हरभऱ्याचे घाटे सोलतात, ज्वारीच्या ताटांत लपतात, खडे वेचून त्यांच्या रांगा लावतात, कणसावर कोणते पाखरू बसले ते एकमेकांना दाखवितात. कोणी त्यांना शिकवायला बसत नाही. तरी दिवस मावळेपर्यंत ती पुष्कळ शिकलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतील काही मुले गळ्यात टाय अडकवून नर्सरीच्या रिक्षात कोंबली जातात. उरलेली अंगणवाडीच्या एका खोलीत जाऊन बसतात आणि खिचडी शिजण्याची वाट पाहतात.

या दोन दिवसांमधील अंतर हा केवळ बालमानसशास्त्राचा विषय नव्हे. तो वर्गीय प्रश्न आहे. मुलाने खेळातून आणि निसर्गाच्या सान्निध्यात शिकावे, हा विचार मोठ्या शहरांतील महागड्या शाळा आज आपल्या माहितीपत्रकांत छापतात. झाडाखालचा वर्ग, मातीकाम, बागकाम यांची भरभक्कम फी घेतली जाते. ज्याचे आईबाप रोज मातीत राबतात त्या मजुराच्या मुलाला मात्र शिक्षणाच्या नावाखाली मातीपासून तोडून घोकंपट्टीला जुंपले जाते. जी पद्धत श्रमिकांच्या मुलांमध्ये वाढली ती श्रमिकांच्याच मुलांना दुर्मिळ व्हावी, हा विपर्यास कसा घडला हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

‘किंडरगार्टन’ या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी मुलांची बाग. फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला हे नाव दिले. मुलाने हाताने करावे, गावे, खेळावे, बागेत रोप लावावे, एवढेच त्याचे म्हणणे. पण १८४८ च्या क्रांतीने धास्तावलेल्या प्रशियाच्या सरकारला तेही सोसले नाही. १८५१ मध्ये या बागा समाजवादी आणि नास्तिक विचार पसरवितात असा ठपका ठेवून सरकारने त्यांवर बंदी घातली. ती उठायला १८६० साल उजाडावे लागले. आरोप अडाणीपणाचा होता. भीती मात्र अगदीच अनाठायी नव्हती. जे मूल हुकमाशिवाय विचार करायला शिकते, ते मोठेपणी निमूट मान तुकवील याची खात्री कोणत्याही सत्तेला देता येत नाही. पुढे १९०७ मध्ये डॉ. मारिया मॉण्टेसोरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले, तेही रोमच्या सॅन लोरेन्झो या कामगार वस्तीत. आईबाप कामावर गेल्यावर मागे उरणाऱ्या मुलांसाठी.

महाराष्ट्रात हा विचार खऱ्या अर्थाने रुजविला तो ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांनी काम केले, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. परंतु मध्यमवर्गीयांच्या बालमंदिरावर त्या संतुष्ट राहिल्या नाहीत. १९४५ च्या अखेरीस त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी त्याच टापूत वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध लाल बावट्याखाली उठले होते. एकीकडे बापाची वेठ मोडत होती, दुसरीकडे मुलाच्या बुद्धीची वेठ मोडण्याचा प्रयोग सुरू झाला होता.

बोर्डीच्या अनुभवाने ताराबाईंना शिकविले की गरिबाचे मूल बालवाडीत येत नसेल तर दोष मुलाचा नसतो. दलित वस्तीतील मुले येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कृतीतून जन्मला. १९५७ पासून केंद्राचे काम कोसबाडच्या टेकडीवर चालू लागले. तेथील आदिवासी मुले गुरे राखायला जात. म्हणून शिक्षक गुरांच्या मागे कुरणात गेला आणि कुरणशाळा उभी राहिली. परदेशी बनावटीची महाग साधने बाजूला पडली. शंखशिंपले, बिया, पाने, बांबू आणि माती हीच शिकण्याची साधने झाली. निसर्ग येथे चैनीसाठी आला नव्हता. जे हाताशी होते आणि ज्यावर कोणाची मालकी नव्हती, ते शिक्षणात आणले गेले.

शासनाने १९७५ च्या गांधी जयंतीला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. योजनेने कोट्यवधी मुलांच्या तोंडी घास घातला, लसीकरण वस्तीपर्यंत नेले. हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. पण नाव घेताना शासनाने अंगण मागेच ठेवले. आजही अनेक अंगणवाड्या भाड्याच्या खोलीत, समाजमंदिरात किंवा शाळेच्या पडवीत भरतात. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एक सेविका व एक मदतनीस यांच्यावर सोपविल्या गेल्या. सहापैकी ज्या सेवांची नोंद वरून मागितली जाते त्या होतात. ज्याची नोंद वजनकाट्यावर येत नाही ते शिक्षण उरल्यासुरल्या वेळेवर ढकलले जाते.

या बाईकडे व्यवस्था कशी पाहते? तिला शिक्षिका म्हणत नाहीत, कर्मचारीही म्हणत नाहीत, ती ‘मानसेवी’. तिला पगार नाही, मानधन आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये सेविकेचे मानधन दरमहा ४,५०० आणि मदतनिसाचे २,२५० रुपये ठरविले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. २०२१ मध्ये निकृष्ट मोबाइल आणि इंग्रजीतील ॲप यांचा जाच असह्य होऊन महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. डिसेंबर २०२३ मध्ये पुकारलेला संप त्यांना सुमारे पन्नास दिवस चालवावा लागला. जी स्वतः एका खोलीत नोंदवह्या आणि मोबाइल यांच्यामध्ये कोंडलेली आहे, तिने मुलांना रानात न्यावे, पानाफुलांतून गणित शिकवावे, अशी परिपत्रके काढणे ही थट्टा आहे.

कायद्याची कहाणी याहून उद्बोधक आहे. घटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत दिली होती. त्यात सहा वर्षांखालचे मूल वगळलेले नव्हते. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. पण २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने हक्क दिला तो सहा ते चौदा वयोगटाला, आणि त्याखालच्या मुलांसाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढ्यावर बोळवण केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तोच कित्ता गिरविला. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात हा हक्क तीन वर्षांपासून देण्याची शिफारस होती. २०२० च्या अंतिम धोरणात ती उरली नाही. खेळातून शिक्षणाची भाषा मात्र भरपूर आली, आणि २०३० चे उद्दिष्टही आले. ज्या उद्दिष्टामागे हक्क नाही त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. मोर्चा तेवढा काढता येतो.

राज्याने सोडलेली ही जागा बाजाराने व्यापली. ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला दहावी-बारावीच्या गुणांमुळे झाला, वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांनी तो वाढला. वरच्या वर्गांतील शर्यत हळूहळू खाली उतरते आणि शेवटी साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांपर्यंत पोचते. ज्या बोटांना अजून पेन्सिल पेलत नाही त्यांना ओळीत अक्षरे गिरवायला लावले जाते. तालुक्याच्या गावीच नव्हे, मोठ्या खेड्यांतही नर्सरीच्या पाट्या लागल्या आहेत, आणि सोयाबीनच्या पट्टीतले किंवा मजुरीतले पैसे बाजूला काढून आईबाप ती फी भरतात.

या आईबापांना अडाणी ठरविणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. त्यांचा आक्षेप सरळ आहे: साहेबाच्या मुलाने इंग्रजी शिकायचे आणि आमच्या मुलाने चिखल खेळायचा काय? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांना अक्षराची घाई झाली तर त्यात नवल नाही. चळवळीने या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, उपदेश नव्हे.

उत्तर असे की खेळ हा अक्षराला पर्याय नाही. तो अक्षराखालची जमीन आहे. पोळ्याच्या आधी माती मळून बैल करणाऱ्या मुलाच्या बोटांत जे बळ आणि जो ताबा येतो, त्यावरच पुढे लेखणी पेलते. चिंचोके आणि गारगोट्या निराळ्या करणारे, पाने लांबीप्रमाणे मांडणारे मूल वर्गीकरण आणि क्रम शिकत असते. अंकगणिताचे मूळ तेथे आहे. नऊ म्हणजे किती हे ज्याने चिंचोके हातात घेऊन अनुभवले, त्याला पाढा कळतो. इतरांना तो केवळ पाठ होतो. पाहिलेले सांगता सांगता मुलाची भाषा वाढते, आणि ती त्याच्या घरच्या बोलीतच आधी वाढते, मग ते मूल मराठवाडी मराठी बोलणारे असो की तांड्यावरची गोरमाटी. इंग्रजीही पुढे त्याच मुलाला चांगली येते ज्याची पहिली भाषा भक्कम असते. श्रीमंतांच्या शाळा लहान वयात खेळू देतात, कारण त्याचा लाभ त्यांना ठाऊक आहे. गरिबाच्या मुलाला घोकंपट्टी देणारी नर्सरी साहेबाच्या शाळेची बरोबरी करीत नाही. ती तिची स्वस्त नक्कल विकते.

मग मागणी काय करायची? तीन ते सहा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला पाहिजे. सेविकेला शिक्षिकेचा दर्जा, वेतनश्रेणी आणि खरे प्रशिक्षण मिळाले पाहिजे, व कागदकामासाठी वेगळा माणूस दिला पाहिजे. प्रत्येक अंगणवाडीला सावलीचे झाड, मातीचा ढीग आणि पाणी असलेले अंगण मिळाले पाहिजे. भूमिहीनांच्या कसत्या गायरानाला हात न लावता ही जागा गावठाणातून आणि सार्वजनिक जमिनीतून काढता येते. पाण्याची अट क्षुल्लक वाटेल, पण २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या जिल्ह्यात मुलांच्या मातीकामाला पाणी मागणे हाही राजकीय प्रश्नच आहे. आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलांची अंगणवाडीही कारखान्याच्या तळावर गेली पाहिजे. गुरांमागे कुरणात जाणाऱ्या शाळेचा धडा महाराष्ट्राने घालून दिला आहे. कोयत्यामागे फडात जाणारी अंगणवाडी अशक्य कशी?

याचबरोबर चळवळीने स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. सेविकांच्या मानधनासाठी कार्यकर्ते मोर्चात चालले, हे योग्यच झाले. पण त्या खोलीत दिवसभर मूल काय करते, याची चौकशी किती जणांनी केली? संपाच्या मांडवात भाषण करणाऱ्यांपैकी किती जणांची मुले त्याच सकाळी नर्सरीच्या रिक्षात बसली होती? जी संस्था केवळ गरिबांची उरते तिची खोली गळत राहते आणि तिचा आवाज कोणी ऐकत नाही.

चाकूर तालुक्यातच वडवळ नागनाथचे वनस्पती बेट आहे. औषधी वनस्पतींसाठी जाणकार तेथे दुरून येतात. आसपासच्या अंगणवाड्यांतील मुलांना कोणत्या पानाला कोणता वास आहे हे तेथे जाऊन कळावे, यासाठी मोठा निधी लागत नाही. एक दिवस मोकळी असलेली सेविका, एक वाहन आणि सोबत चालणारी गावातील चार माणसे लागतात. ग्रामसभेत अंगणवाडीच्या अंगणाचा ठराव मांडणे, आजीआजोबांना गोष्टी सांगायला तेथे नेणे, आईबापांच्या बैठकीत नर्सरीच्या पाटीमागचा हिशेब उलगडून दाखविणे, ही कामे कार्यकर्त्यांना उद्यापासून करता येतील. येळवशीला ज्याचे शेत नाही त्यालाही रानात जागा मिळते. तोच न्याय वर्षाच्या उरलेल्या दिवसांत प्रत्येक मुलाला मिळवून देण्याची ही लढाई आहे.