मिन्मीचे डोके कोणाचे?

प्राणिसंग्रहालय उभारण्याचा संगणकीय खेळ हा साहित्याच्या अभ्यासकाने दखल घ्यावी असा विषय आहे, हे आपल्याकडे सहसा मान्य होणार नाही. तरीही संहिता आणि कल्पना यांच्या सीमारेषेचा जो प्रश्न आपण पाठचिकित्सेच्या निमित्ताने वर्गात मांडतो, तो या खेळांतही उभा राहतो, आणि बराच ठळकपणे. 'झू टायकून' हा खेळ 2001 साली आला. पुढच्याच वर्षी त्याच्या 'डायनोसॉर डिग्ज' या पुरवणीने सिंह-हत्तींच्या शेजारी नामशेष प्राणी आणून सोडले. 2021 साली 'जुरासिक वर्ल्ड इव्होल्यूशन 2' या त्याच जातीच्या खेळाच्या एका पुरवणीत मिन्मी नावाचा लहानसा चिलखती डायनोसॉर अवतरला. प्रस्तुत लेखाचे निमित्त हा मिन्मी.

मिन्मी ऑस्ट्रेलियाचा. क्वीन्सलँडमधील रोमा या गावाच्या परिसरात 1964 साली सापडलेल्या जीवाश्मांवरून राल्फ मोलनार यांनी 1980 साली त्याचे नामकरण केले. नाव घेतले ते जवळच्या मिन्मी क्रॉसिंग या ठिकाणावरून. हाती होते ते पाठीचे काही मणके, बरगड्या, मागचे एक पाऊल आणि चिलखताचे तुकडे. मणक्यांलगतच्या हाडांच्या विलक्षण कांड्या हे त्याचे वैशिष्ट्य. 'पॅराव्हर्टिब्रा' हे जातिनामही त्यावरूनच आले. डोके मात्र मिळाले नव्हते.

पुढे 1989 साली क्वीन्सलँडमध्येच, रिचमंडजवळच्या मॅरेथॉन स्टेशन येथे, कवटीसह जवळजवळ संपूर्ण असा सांगाडा सापडला. तो मिन्मीच्याच कुळातला मानला गेला. त्याच्या पोटाच्या जागी शेवटच्या आहाराचे अवशेषही होते : बारीक तुकडे केलेला पाला, फळे, बिया. मिन्मी काय खात असे, याचे उत्तर अशा रीतीने 2000 साली प्रसिद्ध झाले. परंतु 2015 साली संशोधकांनी, आणि त्यांत स्वतः मोलनारही होते, हा दुसरा प्राणी मिन्मी नव्हे असा निष्कर्ष काढून त्याला कुनबारासॉरस हे नवे नाव दिले. 'कुनबारा' म्हणजे तेथील मूलनिवासींच्या मायी भाषेत ढाल. मिन्मीकडे नाव राहिले आणि ते मूळचे मणके राहिले. डोके गेले, शेवटचे जेवणही गेले.

मराठीच्या अभ्यासकाला हे प्रकरण अपरिचित वाटू नये. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याची रचना मिसळली आहे, हे आपण शिकतो आणि शिकवतोही. नाममुद्रा एक, कवी दोन. एकाच्या नावाखाली दुसऱ्याचा देह वावरू लागला की आपण कवीविषयी जी विधाने करतो, त्यांतली कोणती कोणाविषयी आहेत, हे पुन्हा तपासावे लागते. तो कंटाळवाणा उद्योग खरा. पण त्यावाचून कवीचे चरित्र लिहिता येत नाही.

येथे ग्रंथ आणि खेळ यांच्यातला एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. ग्रंथाला मौन परवडते. संपादक 'येथे पोथी फाटली आहे' असे लिहून पुढे जाऊ शकतो. खेळाला ही सवलत नाही. आवारात सोडलेल्या प्राण्याला चालावे लागते, चरावे लागते, झोपावे लागते. त्याला रंग लागतो, आवाज लागतो. मिन्मीच्या उपलब्ध अवशेषांत यांतले जवळजवळ काहीही नाही. तेव्हा निर्मात्याने कल्पना लढवली यात दोष काढण्याचे कारण नाही. दोष आहे तो सांधा बुजवण्यात. पडद्यावर मणका आणि हंबरणे यांचा दर्जा एकच होतो. बारा कोटी वर्षांपूर्वीचे हाड आणि काल कोणी ध्वनिमुद्रित केलेला आवाज एकाच अधिकारवाणीने बोलू लागतात.

उपाय अवघड नाही. प्राण्याची माहिती देणाऱ्या चौकटीत तीनच ओळी पुरतील : हे अवशेषांतून, हे नातलग प्राण्यांवरून, हे आमच्या कल्पनेतून. चांगल्या संपादित आवृत्तीत संपादकाने सुचवलेला शब्द चौकटी कंसात असतो. तो कंस वाचकाचा रसभंग करीत नाही, उलट त्याला संपादनकार्यात सहभागी करून घेतो. बारा वर्षांच्या मुलाला आपल्या लाडक्या प्राण्याचे डोके उसने आहे हे कळले, तर त्याचे कुतूहल मावळेल असे मानणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

'शेवटी हा खेळच आहे' हा आक्षेप अपेक्षित आहे. परंतु नामशेष प्राण्यांच्या बाबतीत तो टिकत नाही. वाघाचे चित्र चुकले तर ते दुरुस्त करायला वाघ आहे. मिन्मीच्या वतीने बोलायला मूठभर हाडांखेरीज कोणी नाही. पहिली प्रतिमा जी मनात बसते, तीच पुष्कळांच्या लेखी मिन्मी होऊन राहते.

आणि हा आक्षेप घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी स्वतःच्या वर्गाकडेही पाहायला हवे. संतचरित्रांतल्या आख्यायिका आणि कागदोपत्री आधार असलेले तपशील आपण एकाच सुरात सांगतो, तेव्हा आपणही मणक्यांवर उसने डोके बसवीत असतो. आख्यायिका सांगू नये असे नाही. ती आख्यायिका आहे एवढे सांगावे. खेळाच्या निर्मात्यांकडून ज्या कंसाची अपेक्षा करायची, तो आधी आपल्या फळ्यावर दिसायला हवा.