धानाचा ताप हातानं नको, तारेनं मोजा



आधारभूत केंद्रावर १७ टक्क्यांची अट आहे, म्हणून ओलावा आपण मोजतो. थप्पीच्या आतला ताप मात्र कोणी मोजत नाही. भंडाऱ्यात उन्हाळी धानाची मळणी आणि पाऊस सोबतच येतात. ओलं धान कट्ट्यात भरलं की दाणा श्वास घेतो, बुरशी वाढते आणि उष्णता मधोमध कोंडते. वरच्या कट्ट्याला हात लावून ते कळत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: गावागावात ओलावामापकासोबत एक थर्मोकपलही हवं.

यात दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या असतात. टोक आणि मीटर यांच्या तापमानात फरक असला की किंचित व्होल्टेज तयार होतं. के-टाईपमध्ये १ अंशाला फक्त ०.०४ मिलिव्होल्ट! म्हणून काळजी घ्या:

👉 तुटलेल्या तारेला साधी तांब्याची तार जोडू नका, आकडा चुकतो.
👉 मीटर उन्हात ठेवू नका. सावलीत १५ मिनिटं ठेवा, मग वाचा.
👉 हंगामाआधी टोक बर्फ-पाण्यात बुडवा. ० च्या जवळ दाखवायला पाहिजे.

रोज त्याच जागी, त्याच वेळी मोजून वहीत लिहा. बाहेरची हवा तशीच असून आतला आकडा चढत असेल, तर थप्पी मोडून धान पसरा. बियाण्याचं धान ड्रायरमध्ये ४३ अंशांच्या वर तापवू नका, उगवण कमी होते.

गटात मिळून एक मीटर घ्यायचं का, यावर पुढच्या बैठकीत बोलू.