कोंबडीची आंघोळ

रविवारी सकाळी आमच्या घरात दोन आवाज ठरलेले असतात. एक मिक्सरमध्ये वाटण फिरल्याचा आणि दुसरा मोरीतल्या नळाचा. नळाखाली आज्जी कोंबडी धूत असते. एकदा नव्हे, चांगली तीनदा. भिंतीपलीकडे अक्कांच्या घरातूनही तोच आवाज येतो. अक्कांची भाषा कन्नड. कन्नडमध्ये कोंबडीला 'कोळी' म्हणतात आणि 'तोळी' म्हणजे धू. अक्का आपल्या लेकीला 'कोळी तोळी' असे ओरडून सांगत, तेव्हा लहानपणी मला ते बडबडगीतच वाटे. आमच्या बेळगावात सीमेवरून वाद कितीही झाले असतील. पण शिजवण्यापूर्वी कोंबडी धुतलीच पाहिजे, याबाबत मराठी आणि कानडी घरांचे संपूर्ण एकमत आहे. वाचकहो, आज मला या एकमताच्या विरुद्ध लिहायचे आहे.

कारण तसे घडले. गेल्या उन्हाळ्यात आत्या आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरपणाला आली होती. रविवार होता. जवारी कोंबडीचा रस्सा, सुके, भाकरी असा थाट. पोरगा वशाट खात नाही. त्याने दहीभात खाल्ला आणि काकडीची कोशिंबीर दोनदा मागून घेतली. तिसऱ्या दिवशी त्याला ताप आला, जुलाब सुरू झाले आणि दोन दिवस सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी रविवारच्या जेवणाचे विचारताच सगळे एका सुरात म्हणाले, "पण त्यानं कोंबडीला हातसुद्धा लावला नव्हता!" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "कोंबडी कुठं धुतली? आणि काकडी कुठं ठेवली होती?"

कोंबडी मोरीत धुतली होती आणि काकडीचे ताट मोरीच्या कठड्यावर होते. त्या काकडीनेच सारे घडले, असे मी शपथेवर सांगणार नाही. तशी तपासणी झाली नव्हती, आणि रस्त्यावरचा बर्फाचा गोळाही संशयितांत होता. पण डॉक्टरांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी वाचायला सुरुवात केली.

कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जातीचे जंतू असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, वासाने कळत नाहीत, आणि पाण्याने सगळे निघून जात नाहीत. जे निघतात ते नष्ट होत नाहीत. मोरीत, नळाच्या चावीवर, हातावर आणि शेजारच्या भांड्यांवर जाऊन बसतात. आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना हे चटकन कळावे. धुणे ही फक्त खाते बदलण्याची नोंद आहे. कोंबडीच्या खात्यावरची रक्कम मोरीच्या खात्यावर गेली. ताळेबंद होता तेवढाच राहिला. ती रक्कम खरोखर बुडवायची तर एकच उपाय, उष्णता. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचले की हे जंतू मरतात. चुलीवर रटरटणारा रस्सा त्याच्या कितीतरी पुढे असतो. म्हणजे पातेल्यात जाणाऱ्या कोंबडीची काळजी चूल घेतेच. काळजी करायची ती चुलीवर न जाणाऱ्या वस्तूंची. काकडीची, कोथिंबिरीची, पाणी प्यायच्या तांब्याची.

ब्रिटनच्या अन्नविषयक सरकारी संस्थेने २०१४ साली 'कच्ची कोंबडी धुऊ नका' अशी मोहीमच काढली होती. २०१९ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने एका प्रयोगाचे निष्कर्ष जाहीर केले. निरुपद्रवी जंतूंची खूण लावलेली कोंबडी लोकांना दिली आणि तिच्याबरोबर कच्चे सॅलडही करायला सांगितले. ज्यांनी कोंबडी धुतली, त्यांच्यापैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये धुतल्यानंतर ते जंतू सापडले. सिंक साफ केल्यावरसुद्धा १४ टक्के लोकांच्या सिंकमध्ये ते उरलेच होते. आणि २६ टक्के लोकांच्या सॅलडपर्यंत ते जाऊन पोचले. २०२२ साली काही भौतिकशास्त्रज्ञांनी तर शिंतोड्यांचाच अभ्यास केला. नळ जितका उंच, तितके शिंतोडे जास्त, असे त्यांना आढळले. आमच्या मोरीतला नळ चांगला हातभर उंच आहे.

आता याच प्रयोगातला दुसरा आकडा सांगतो, कारण तो लपवला तर माझा लेख एकतर्फी होईल. ज्यांनी कोंबडी धुतली नव्हती, त्यांच्यापैकीही ३१ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये जंतू सापडले. कारण त्यांनी हात नीट धुतले नव्हते. म्हणजे नळ बंद ठेवला की पुण्य पदरात पडले असे नाही. कच्च्या कोंबडीला लागलेला हात साबणाने वीस सेकंद चोळून धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला लावायचा नाही, हे त्याहून महत्त्वाचे.

हे सगळे ज्ञान घेऊन मी मोठ्या ऐटीत स्वयंपाकघरात गेलो. "आज्जी, उद्यापासून कोंबडी धुवायची नाही," असे जाहीर केले. आज्जीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "न धुता शिजवायची? मग तू तरी रोज आंघोळ कशाला करतोस रे?" आई पदराआड हसली. आज्जी पुढे म्हणाली, "त्या साहेबांच्या देशात कोंबडी पिशवीतनं येते. आमची दुकानातनं येते. रक्त असतंय, पिसाचे खुंट असतात, भाजल्याची राख असतीया, हाडाचा चुरा असतोय. ते काय तुझं पुस्तक काढणार?"

खरे सांगतो, मला उत्तर सुचले नाही. आज्जीचे म्हणणे खोटे नव्हते. तिकडचा सल्ला सोलून, साफ करून, बंद पिशवीत येणाऱ्या कोंबडीसाठी लिहिलेला आहे. आपल्याकडे डोळ्यांना दिसणारी घाण असते आणि ती काढावीच लागते. शिवाय माझ्या लक्षात आले की, आज्जीला मी जंतूंविषयी सांगत होतो, पण तिला ऐकू येत होते ते 'तू घाणेरडी आहेस' एवढेच. चार लेकरे आणि सहा नातवंडे जिने वाढवली, तिला हे ऐकावे लागणे म्हणजे चेष्टा नव्हे. आणि त्यात नातवाच्या सलाईनचा आळ! त्या दिवसापासून ती आत्याच्या मुलाला स्वतःच्या हाताने घास भरवत नव्हती, हे घरात कोणी बोलले नाही, पण सगळ्यांना दिसत होते.

मग मला तिचाच एक नियम आठवला. आमच्या घरात वशाटाचे पातेले वेगळे, पळी वेगळी आणि विळीही वेगळी. ती भांडी देवाच्या दिवशी फळीवरून खाली येत नाहीत. मी म्हटले, "आज्जी, तुझा नियम बरोबर आहे. फक्त तो मोरीपर्यंत नेऊया." यावर ती थोडा वेळ गप्प बसली. "मग मोरी घासणार कोण?" तिने विचारले. मी म्हणालो, "मी."

तेव्हापासून आमच्या घरी अशी पद्धत आहे. कोशिंबीर, कोथिंबीर आधी चिरून झाकून दुसऱ्या खोलीत जाते. मोरीजवळची भांडी उचलली जातात. कोंबडी दुकानातच नीट साफ करून मागतो. उरलेले खुंट आणि चुरा हाताने निवडतो, रक्त कागदाने टिपतो आणि तो कागद लगेच कचऱ्यात. तरीही आज्जीचे समाधान झाले नाही, तर कोंबडी वेगळ्या पातेल्यातल्या स्थिर पाण्यात हलक्या हाताने बुडवून काढायची आणि ते पाणी मोरीत खाली, सावकाश सोडायचे. नळाची धार मुळीच नाही. शेवटी मोरी, नळाची चावी आणि हात साबणाने स्वच्छ. बुडवणे अजिबात बंद झाले तर उत्तमच. पण धारेपेक्षा हे नक्कीच बरे. हळदमीठ लावायचे ते चवीसाठी. जंतू मारायचे काम चुलीचे.

माझे मत एवढेच आहे. पाण्याने डाग जातो, रोग जात नाही. कोंबडी धुण्यात आपण जो वेळ आणि जे पाणी घालतो, ते मोरी आणि हात धुण्यात घालावे. आमच्या गल्लीत रोज नळ येत नाही, त्यामुळे पाण्याचा हा हिशेबही लहान नाही. आणि माझ्यासारख्या शिकलेल्या मुलांना एक विनंती. हा सल्ला घरी जाऊन आईला किंवा आज्जीला नुसता ऐकवू नका. घासणी हातात घ्या, मग सांगा. त्याशिवाय ऐकण्याची त्यांना काही गरज नाही.

गेल्या महिन्यात आत्या पुन्हा आली होती. आज्जीने कोशिंबीर आधी करून देवघराच्या खोलीत झाकून ठेवली होती. जेवताना तिने पोराला जवळ घेतले आणि काकडीचा पहिला घास स्वतःच्या हाताने भरवला. मी मोरी घासत होतो. पण दारातून मला ते दिसले.