वणवा विझवणारे हात आणि त्या हातांतली साधने

महाराष्ट्रातल्या जंगलभागात १५ फेब्रुवारी ते १५ जून हे चार महिने वणव्याचे मानले जातात. पानगळ झालेली असते, गवत वाळून कोळ झालेले असते, वारा सुटलेला असतो. एखादी ठिणगी पडली की बघता बघता डोंगर पेटतो. या दिवसांत वनखाते जाळरेषा काढते, हंगामी फायर वॉचर नेमते, गावोगाव सभा घेते. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने आगीची ठिकाणे कळवायला सुरुवात केली. आता आग लागली की वनरक्षकाच्या मोबाईलवर निरोप येतो. या संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्राला वारंवार आग लागण्याचा धोका आहे.

हे सगळे चांगलेच आहे. पण उपग्रहाला आग दिसते, ती त्याला विझवता येत नाही. त्यासाठी कोणाला तरी चालत डोंगरावर जावे लागते आणि हिरव्या फांदीने ती झोडपावी लागते. बहुतेक वेळा हे काम करतात जंगलाकाठच्या गावातली माणसे. अहवालात त्यांना ‘ग्रामस्थांचे सहकार्य’ असे म्हणतात आणि भाषणात ‘स्वयंसेवक’ म्हणतात. या स्वयंसेवकांत बायका किती, त्या नेमके काय करतात, त्यांच्या हातात कोणती साधने असतात आणि ती कोण ठरवतो, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. या अंकाच्या निमित्ताने ते विचारायचे आम्ही ठरवले आहे.

आधी ‘स्वयंसेवक’ हा शब्द तपासून पाहू. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम ७९ असे सांगते की, राखीव किंवा संरक्षित जंगलात ज्यांना काही हक्क आहेत, ज्यांना तिथून लाकूडफाटा वा वनोपज नेण्याची किंवा गुरे चारण्याची परवानगी आहे, त्यांना आगीची खबर लागताच ती विझवायला धावले पाहिजे, अधिकाऱ्याने सांगितले असो वा नसो. कसूर केल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ज्याला आपण सेवा म्हणतो, ती कायद्याने घातलेली सक्ती आहे. इंग्रजी अमलातला हा कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम २६ नुसार, राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली गेली, तर सरकार त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करू शकते.

आता हा कायदा बाईच्या बाजूने वाचून पाहा. जंगलातून सरपण आणते ती. मोह वेचते ती. तेंदूपाने तोडून त्यांचे पुडे बांधते तीच. म्हणजे आग विझवायला बांधलेली ती, आणि हक्क स्थगित झाला तर सर्वांत आधी टोपली रिकामी राहणार तीही तिचीच. कायद्याने कर्तव्य सांगितले, शिक्षाही सांगितली. पण ज्याने आग विझवायची त्याच्या पायात काय असावे, हातात काय असावे, भाजला तर दवाखान्याचा खर्च कोणी करावा, याबद्दल त्या कलमात एक अक्षर नाही.

वणव्याशी संबंधित वर्षभराचे काम मांडले तर त्यात बायकांचे श्रम जागोजागी दिसतात. हिवाळा सरता सरता शेताच्या आणि जंगलाच्या बांधावरचे गवत कापायचे. गावाभोवतीचा, शाळेभोवतीचा पालापाचोळा झाडून काढायचा. जाळरेषेवरची पाने दर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा ओढायची, कारण झाडाखाली ती पुन्हा साचतातच. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली पहाटेपासून राबताना धुरावर लक्ष ठेवायचे. आग लागली की निरोप पोचवायचा, पोरे आणि म्हातारी माणसे सांभाळायची, गुरे सोडायची, विझवणाऱ्यांना पाणी आणि भाकरी न्यायची, आणि गरज पडली की फांदी तोडून स्वतःही आगीला भिडायचे. यातले शेवटचे काम तेवढे ‘आग विझवणे’ म्हणून मोजले जाते आणि ते पुरुषांच्या नावावर जमा होते. बाकीचे घरकामासारखेच. केले तर कोणाला दिसत नाही, केले नाही तर गाव जळते.

वणवा विझवणे हे जिवावरचे काम आहे. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना वाऱ्याने ज्वाळा भडकल्या आणि तीन वनमजूर होरपळून मरण पावले. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडातल्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी मृत्युमुखी पडले. ही खात्याने पाठवलेली माणसे होती. ज्यांना कोणीच पाठवलेले नाही, जी आपल्या गावच्या जंगलासाठी आपणहून धावतात, ती प्लास्टिकच्या चपला आणि अंगावरच्या कपड्यांनिशीच धावतात. बायकांच्या अंगावर असते नायलॉनची किंवा पॉलिस्टरची साडी. हे कापड आगीत नुसते जळत नाही, ते वितळून कातडीला चिकटते. सुती साडी महाग पडते म्हणून बायका ही स्वस्त साडी नेसतात. गरिबी अंगावर अशी नेसलेली असते आणि आगीत ती अशी चिकटते.

जगात इतरत्र स्वयंसेवी अग्निशमन दले कशी चालतात ते पाहण्यासारखे आहे. चिली देशात अग्निशमनाचे सारे काम स्वयंसेवकच करतात. तिथले पहिले दल १८५१ साली वालपराईसो या बंदरात उभे राहिले. अमेरिकेत २०२० च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार सुमारे दोन तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक होते. अशा दलांचा वर्षाचा अहवाल निघतो. वर्षभरात किती वेळा बोलावणे आले, किती तास काम झाले, कोणते पाइप बदलले, श्वासाची किती उपकरणे घेतली, कोणाचा पोशाख जुना झाला, पुढच्या वर्षी कशासाठी पैसे लागतील, अशी नोंद त्यात असते. काम बिनपगारी असले तरी साधनांचा हिशेब पक्का असतो. माणूस फुकट राबतो म्हणून त्याने उघड्या अंगाने आगीत जावे, असे तिथे कोणी म्हणत नाही.

पण बायकांची गोष्ट तिथेही सरळ नव्हती. अमेरिकेतल्या कितीतरी गावांत बायकांची ‘सहायक मंडळे’ असत. त्या जेवणावळी घालून, वस्तू विकून बंबासाठी पैसे उभे करत, आग विझेपर्यंत कॉफी पुरवत. बंबावर चढण्याचा मान मात्र पुरुषांचा. पुढे बायका दलात आल्या, तेव्हा त्यांना पुरुषांच्या मापाचे पोशाख मिळाले. सैल हातमोज्यात पकड बसत नाही, मोठ्या बुटात पाय घसरतो, कोटाच्या फटीतून झळ आत येते. बायकांच्या मापाचा पोशाख मिळावा म्हणून तिथल्या बायकांना बोलत राहावे लागले. त्या २०२० च्या आकडेवारीतही बायका एकूण अग्निशामकांत दहात एकीहून कमीच होत्या. आपल्याकडे नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर यांना प्रवेश मिळाला तो २००२ साली. संस्था त्याआधी चार दशकांहून अधिक काळ चालू होती.

यातून एक गोष्ट लक्षात येते. साधनांची यादी कोणासाठी केली आहे हे पाहिले, की काम कोणाचे मानले आहे ते कळते.

आपल्या जंगलात गेल्या काही वर्षांत पाला उडवणारी यंत्रे, म्हणजे ब्लोअर, आली आहेत. जाळरेषा साफ करायला आणि गवताची आग मागे सारायला त्यांचा चांगला उपयोग होतो. पण हे पाठीवर घ्यायचे पेट्रोलचे यंत्र गावात आले की ते चालवण्याचे शिक्षण तरुण मुलांना मिळते. यंत्र आले तिथे मजुरी आणि मान पुरुषाला, आणि काटेरी डहाळीने पाला ओढायचे काम बाईलाच राहते. शेतीत ट्रॅक्टर आणि मळणीयंत्राच्या वेळी आपण हेच पाहिले होते. म्हणून यंत्र नको असे आपण म्हणणार नाही. त्याचे शिक्षण बायकांनाही द्या, हलक्या वजनाचे यंत्र घ्या, पाळीपाळीने चालवू द्या, असे म्हणू.

दुसरे साधन त्याहून साधे आहे. आगी मोह वेचणारे लावतात, असा आरोप नेहमी होतो. तो सगळाच खोटा नाही आणि आपण तो झाकूही नये. झाडाखालचा पाला जाळला की जमीन मोकळी होते आणि फूल चटकन दिसते, म्हणून पाला पेटवतात. कधी तीच आग हाताबाहेर जाते. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही कोणी आग लावतो. पण पाला जाळण्याऐवजी हाताने झाडायचा, तर एकेका झाडाखाली किती वेळ जातो आणि तो वेळ कोणाचा, हेही पाहिले पाहिजे. पहाटे मोहाला, मग पाण्याला, मग चुलीपाशी आणि मग मजुरीला जाणाऱ्या बाईकडे तो वेळ नसतो. यावर उपाय म्हणून मोहाच्या झाडाखाली जाळी बांधायची पद्धत मध्य प्रदेश, छत्तीसगडकडे वापरात येत आहे. फूल जाळीत पडते, माती लागत नाही, पाला जाळावा लागत नाही, कंबर मोडत नाही आणि स्वच्छ फुलाला भाव अधिक मिळतो. आग लागू न देणारे हे साधन बाईचे कष्टही कमी करते. तरी वणवा प्रतिबंधाच्या खर्चाची आखणी करताना बंब आणि ब्लोअर चटकन आठवतात, जाळी आठवत नाही.

काही मैत्रिणी विचारतील, बायकांवर कामाचा बोजा काय कमी आहे, की आता त्यांना आगीतही ढकलायचे? हा प्रश्न रास्त आहे. बायकांनी आगीत उडी घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. त्या आजही तिथे आहेत. असलेले श्रम मोजा, त्यांची मजुरी द्या, साधने द्या, आणि साधने नसतील तर ‘आम्ही जाणार नाही’ असे म्हणण्याचा हक्क द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यासाठी आपल्या हातात कायदाही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आणि गौण वनोपजावर मालकी दिली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक हक्क मिळवला, त्याला आता बरीच वर्षे झाली. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका असल्या पाहिजेत, असे नियम सांगतात. जिथे जंगल ग्रामसभेचे, तिथे वणव्याचा अहवालही ग्रामसभेचा असायला हवा. तो खात्याच्या दोन ओळींवर सोडू नये.

आमची सूचना अशी की प्रत्येक गटाने जूनअखेर आपल्या गावाचा ‘वणव्याचा वर्षअहवाल’ लिहावा. वहीची चार पाने पुरतील. आगी किती लागल्या, कुठे, कशाने? जाळरेषेवर किती बायका आणि किती पुरुष, किती दिवस राबले? कोणाला मजुरी मिळाली, किती? पाणी, भाकरी, निरोप ही कामे कोणी केली? कोण भाजले, औषधपाण्याचा खर्च कोणी केला? गावात साधने कोणती आहेत, कोणाच्या घरी ठेवली आहेत, ती चालवता किती बायकांना येतात? पुढच्या वर्षी काय हवे? हा अहवाल ग्रामसभेत वाचून ठराव करून घ्यावा आणि त्याची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयाला देऊन पोच घ्यावी. मागणीत जाळ्या, बंद बूट, सुती पूर्ण बाह्यांचे सदरे, हातमोजे, लांब दांड्याची झोडपणी आणि दंताळी, पाण्याच्या कॅन, विजेऱ्या आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. कामावर जाणाऱ्या प्रत्येकीचा विमा खात्याने उतरवावा, हीही मागणी असावी. तोवर वर्षाला वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा गटातल्या किती जणींचा आहे, ते तपासावे.

तोपर्यंत चार गोष्टी मात्र प्रत्येक बैठकीत सांगा. आग चढावर वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला थांबू नका. समोरून भिडू नका, बाजूने विझवत जा. जळून काळी पडलेली जमीन ही पळून जायची जागा, ती आधी हेरून ठेवा. एकटीने जाऊ नका. कोणी भाजले तर भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे पाणी सोडा. हळद, शाई, दंतमंजन लावू नका आणि लगेच दवाखान्यात न्या.

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातल्या जळिताच्या प्रश्नावर आपण वर्षानुवर्षे लढत आलो. जळालेली बाई ‘स्टोव्हचा भडका’ या दोन शब्दांत नोंदली जाई, तेव्हा ती नोंद बदलण्यापासून आपण सुरुवात केली होती. जंगलातल्या आगीतही ‘ग्रामस्थांचे सहकार्य’ या दोन शब्दांआड बायका आहेत. ही नोंदही आपल्यालाच बदलावी लागेल. तुमच्या गावाचा अहवाल आमच्याकडे जरूर पाठवा. तोडकामोडका असला तरी चालेल. येतील तेवढे अहवाल आम्ही पावसाळी अंकात छापू.